असला कसला राजीनामा!

राजीनामा कसा असावा, याबद्दल महाराष्ट्रात वाढलेल्या माणसाच्या काही किमान अपेक्षा असतात. आधी 'राजीनाम्याचा प्रश्नच उद्भवत नाही' असं निदान तीनदा ठणकावून सांगितलेलं असावं. मग तो रात्री उशिरा, सगळे दात घासून झोपायला निघाले असताना यावा. सकाळी बंगल्याबाहेर कार्यकर्ते रडत असावेत, दुपारी कुणीतरी रक्ताने पत्र लिहावं, संध्याकाळी राजीनामा स्वीकारलाय की अजून खिशातच आहे यावर आठ माणसांनी एकाच वेळी बोलावं, आणि जनभावनेचा आदर करून तो यथावकाश मागे घेतला जावा. २ मे २०२३ला मुंबईच्या चव्हाण सेंटरमध्ये शरद पवारांनी स्वतःच्याच आत्मचरित्राच्या प्रकाशनात पक्षाचं अध्यक्षपद सोडत असल्याचं जाहीर केलं. सभागृहात रडारड झाली. ५ मेला राजीनामा मागे. याला म्हणतात राजीनामा! त्या चार दिवसांत आमच्या घरी सिंगापुरात टीव्ही बंद झाला नाही, आणि बायकोने केलेल्या दुधी भोपळ्याच्या भाजीकडेही माझं लक्ष गेलं नाही.

या पार्श्वभूमीवर १५ एप्रिल २०२४चा सोमवार बघा. सिंगापूरचे पंतप्रधान ली सिएन लूंग यांनी जाहीर केलं, की मी १५ मे रोजी पदावरून दूर होईन आणि उपपंतप्रधान लॉरेन्स वॉंग माझ्या जागी येतील. बस. महिनाभर आधी तारीख, वारस ठरलेला, सोहळ्याची जागा ठरलेली. लग्नपत्रिकेत असतो तेवढाच मजकूर, फक्त 'आहेर आणू नये' लिहायचं राहिलं होतं. मी ही बातमी ऑफिसात वाचली आणि दचकून आजूबाजूला पाहिलं. वीस वर्षं राज्य केलेला माणूस जातोय, कुणीतरी खुर्चीतून उठेल, कुणीतरी निदान 'अरे बापरे' म्हणेल. शेजारच्या टेबलावरच्या चिनी सहकाऱ्याने बातमी वाचली, मान डोलावली आणि मला विचारलं, "लंच?"

मी सिंगापूरचा नागरिक आहे. भारताचा पासपोर्ट रीतसर परत करून, शपथ घेऊन, गुलाबी ओळखपत्र मिळवून झालोय. तेव्हा हा माझाच पंतप्रधान जात होता. माझ्या पंतप्रधानाने जाताना माझ्या मनाची थोडी तरी कालवाकालव करायला हवी होती, एवढीच माझी मागणी. पण हे गृहस्थ केंब्रिजला गणित शिकलेले. सुडोकू सोडवणारा संगणक-प्रोग्राम त्यांनी स्वतः लिहिला आणि २०१५ मध्ये लोकांसाठी खुलाही केला. अशा माणसाच्या राजीनाम्यात शिल्लक काय राहणार? शून्य.

"पण पाडलं कोनं बे त्याले?" शनिवारी कट्ट्यावर नागपूरकरांनी विचारलं. आमचा कट्टा म्हणजे लिटल इंडियातल्या एका कॉफीशॉपचं कोपऱ्यातलं टेबल. तिथे तेह तारिक चहाचा एक ग्लास दीड तास पुरवणारी आम्ही चार मराठी माणसं बसतो.

"कुणीच नाही. स्वतःच जातायत."

"असं कुठी असते का? आमदार किती फुटले?"

"एकही नाही."

नागपूरकरांनी ग्लास खाली ठेवला. "लपवून राहिले," ते म्हणाले. आम्हा सगळ्यांना जरा बरं वाटलं.

मग तासभर आम्ही, काही लपवलं असेल तर ते कुठे लपवलं असेल, याचा शोध घेतला. जून २०२२ मध्ये शिवसेनेचे आमदार आधी सुरतेला, मग गुवाहाटीला आणि शेवटी गोव्याला गेले होते, तेव्हा आमच्या कट्ट्याला भारताचा नकाशा पाठ झाला होता. उद्धव ठाकरेंनी २९ जूनला फेसबुकवरून राजीनामा दिला, तेव्हा इथे मध्यरात्र होती आणि आमच्यापैकी एकही जण झोपला नव्हता. त्या अनुभवावर आम्ही आता सिंगापूरचा नकाशा पुढे घेतला. पण हा देश पूर्वेपासून पश्चिमेपर्यंत सगळा मिळून पन्नास किलोमीटर. फुटलेले आमदार ठेवायचे तर सेंटोसा बेटावर ठेवता येतील, तिथे कॅसिनोसकट हॉटेलं आहेत. पण सेंटोसाला मोनोरेल जाते. बंडखोराची बायको संध्याकाळी डबा घेऊन हजर होईल आणि त्याला कानाला धरून घरी नेईल.

"बाटाम!" कोल्हापूरकर म्हणाले. "फेरीनं तासाभरात इंडोनेशिया. हाटेलंबी स्वस्त."

"पासपोर्ट लागेल," डॉक्टर म्हणाले. डॉक्टर सांगलीचे, मोजकं बोलणारे. "इमिग्रेशनच्या रांगेत एकेकाचा अंगठा घेतील. परत येताना सिगारेटी किती आणल्या ते विचारतील. अहो, ज्या देशात बंडाला पासपोर्ट लागतो, तिथे सरकार पडेल कसं?"

सिंगापूरच्या राजकीय स्थैर्यावर जगभरच्या विद्यापीठांत बरंच लिहिलं गेलंय म्हणतात. डॉक्टरांची उपपत्ती त्यात कुणी घातलेली नसावी.

आमच्या निराशेचं दुसरं कारण असं, की इथे गेलेला माणूस जातच नाही. ली सिएन लूंग पंतप्रधानपद सोडून 'ज्येष्ठ मंत्री' झाले, म्हणजे मंत्रिमंडळातच राहिले. ही घरातलीच पद्धत. त्यांचे वडील ली क्वान यू १९५९ पासून एकतीस वर्षं पंतप्रधान होते. नोव्हेंबर १९९० मध्ये त्यांनी खुर्ची गोह चोक टोंग यांना दिली आणि स्वतः ज्येष्ठ मंत्री झाले. २००४ मध्ये गोह यांनी खुर्ची सोडली. मग गोह ज्येष्ठ मंत्री झाले आणि ली क्वान यू त्यांच्याही वरचे 'मार्गदर्शक मंत्री' झाले. २०११ मध्ये दोघांनीही मंत्रिमंडळ सोडलं, तेव्हा गोह यांना 'मानद ज्येष्ठ मंत्री' करण्यात आलं. म्हातारे ली तर १९८८च्या भाषणात सांगूनच बसले होते, की मला थडग्यात उतरवत असताना जरी काही बिघडतंय असं वाटलं, तरी मी उठून येईन. राजीनामा देणाऱ्याने इतका स्पष्ट खुलासा केल्यावर वारसाने रात्री झोपायचं कसं?

"त्यात काय एवढं," बायको म्हणाली. "आपल्याकडे फडणवीस मुख्यमंत्री होते, मग शिंद्यांचे उपमुख्यमंत्री झाले. मग शिंदे फडणवीसांचे उपमुख्यमंत्री होतील, बघाल तुम्ही." हे ती मे २०२४ मध्ये म्हणाली होती. त्याच वर्षी डिसेंबरच्या ५ तारखेला आझाद मैदानावर नेमकं तेच झालं. तेव्हापासून कट्ट्यावरचे लोक राजकारण समजून घ्यायला माझ्याकडे न येता 'वहिनी आहेत का घरी?' असं विचारतात.

मे महिना उजाडला. म्हटलं, राजीनाम्यात नाही तर निदान शपथविधीत काही होईल. २३ नोव्हेंबर २०१९ची ती पहाट आम्ही विसरलो नव्हतो. महाराष्ट्रातली राष्ट्रपती राजवट पहाटे उठली आणि आठच्या सुमारास फडणवीसांचा शपथविधी उरकला होता. इथे तेव्हा साडेदहा वाजलेले. मी टेक्का मार्केटमध्ये कोथिंबिरीच्या जुड्या उलथ्यापालथ्या करत उभा होतो, फोन वाजायला लागला आणि मी कोथिंबीर समजून पुदिना घेऊन घरी आलो. ते सरकार चार दिवसही टिकलं नाही. पुदिना आठवडाभर टिकला.

यावेळी म्हणून आम्ही तयारीत होतो. १५ मे, बुधवार, रात्री आठ वाजता इस्ताना राजवाड्यात शपथविधी. आमच्या घरी कट्टा जमला. कांदाभजी, चहा, मोठा टीव्ही. नागपूरकरांनी एका कागदावर नाराज होऊ शकणाऱ्या मंत्र्यांची यादी करून आणली होती. ती यादी त्यांनी सगळ्यांना दाखवली आणि शपथविधी सुरू होण्याआधीच मुडपून खिशात ठेवली, कारण माझ्या मुलीने सांगितलं की खातेवाटप परवाच जाहीर झालंय.

"परवा? शपथेआधी?" कोल्हापूरकर.

"हो काका. वॉंग अर्थखातंही स्वतःकडेच ठेवणार आहेत. सगळं पेपरात आलंय."

"आनि नाराज कोन हाय?"

मुलीने आईकडे पाहिलं. ही मुलगी इथेच जन्मली, वाढली. नाराज मंत्री घराला कुलूप लावून फोन बंद करतो, समर्थक बस जाळतात आणि रात्री त्याला सहकार खातं मिळतं, हा आपला सांस्कृतिक ठेवा तिच्यापर्यंत पोचवण्यात आम्ही आई-बाप कमी पडलो. राष्ट्राध्यक्ष थर्मन षण्मुगरत्नम यांच्यासमोर वॉंगनी शपथ घेतली, भाषण केलं, टाळ्या झाल्या. कुणी उठून गेलं नाही. कुणाची खुर्ची मागच्या रांगेत टाकली म्हणून कुणी रुसलं नाही. पहिल्या घाण्याची भजी संपायच्या आत देशाचा चौथा पंतप्रधान तयार झाला होता. १९५९ पासून फक्त चौथा! आमचे कोल्हापूरकर नोकरीला लागल्यापासून महाराष्ट्राने किती मुख्यमंत्री पाहिले ते मोजायला बसले आणि मधे कुणीतरी चटणी मागितल्यामुळे त्यांचा आकडा चुकला.

बरं, वारसाचेही इथे रुसवेफुगवे नाहीत. वॉंग यांच्या आधी हेंग स्वी कीट यांचं नाव ठरलं होतं. एप्रिल २०२१ मध्ये त्यांनी स्वतःच सांगितलं, की कोविड सरेपर्यंत मी साठीच्या मध्यावर असेन, पुढे काम करायला वेळ कमी उरेल, तेव्हा तरुण माणूस निवडा. त्या वर्षी ते साठ वर्षांचे होणार होते. आपल्याकडे साठीला माणसाला युवक आघाडीचं जिल्हाध्यक्षपद मिळण्याची आशा वाटू लागते.

राग तर खदखदत होता. तो कुणावर काढावा हा प्रश्न होता. म्हणून मी सामान्य जनतेकडे, म्हणजे टॅक्सीवाल्याकडे गेलो. सिंगापूरच्या टॅक्सीवाल्या अंकलना राजकारणाचं सगळं कळतं, अशी इथे सार्वत्रिक समजूत आहे. मी मागच्या सीटवर बसून सहज विचारल्यागत म्हटलं, "अंकल, नवीन पंतप्रधान आले. कसं वाटतंय?"

"सेम सेम ला," अंकल म्हणाले. पुढे रस्त्यावर टोलची कमान आली, 'पीं' वाजलं आणि पैसे कापले गेले. अंकलनी कमानीकडे बोट दाखवलं. "सी? स्टिल देअर."

मग ते सुरू झाले. जीएसटी नऊ टक्के केला. कॉफी महाग झाली. गाडी घ्यायची तर आधी गाडी घेण्याचा परवाना लिलावात घ्यायचा, आणि तो परवानाच २०२३ मध्ये लाख डॉलरवर गेला. मुलाला फ्लॅट मिळायला चार वर्षं. मी सुखावून गेलो. सीटच्या कडेवर सरकून "अगदी बरोबर, अगदी बरोबर" म्हणत राहिलो. माणसाच्या पोटातलं दुःख कसं सगळीकडे सारखं! शेवटी मी विचारलं, "मग अंकल, मत कुणाला देणार?"

अंकलनी आरशातून माझ्याकडे पाहिलं. हा माणूस कोणत्या ग्रहावरून आलाय, असा तो चेहरा. मग सत्ताधारी पक्षाचं नाव घेऊन म्हणाले, "ऑफ कोर्स. हू एल्स?"

सरकार तरी सरळ वागतं का? तेही नाही. जानेवारी २०२४ला जीएसटी आठाचा नऊ टक्के झाला, त्याच महिन्यात घरटी पाचशे डॉलरची व्हाउचरं फोनवर आली. पुढच्या जानेवारीत पुन्हा तीनशेची. निम्मी सुपरमार्केटात चालतात, निम्मी हॉकरवाल्यांकडे. एरवी मी महागाईवर अर्धा तास बोलू शकतो. पण व्हाउचर दाखवून फुकट खाल्लेल्या रोटी प्राट्याचा तुकडा तोंडात असताना महागाईवर बोलायला लागलो, की मुलगी नुसती बघत राहते. तो घास उतरत नाही.

भ्रष्टाचाराकडून मोठी आशा होती. परिवहन मंत्री एस. ईश्वरन यांना जुलै २०२३ मध्ये अटक झाली, तेव्हा कट्ट्यात चैतन्य आलं. जानेवारी २०२४ मध्ये आरोप ठेवले गेले, त्यांनी मंत्रिपद, खासदारकी आणि पक्ष तिन्ही सोडलं. मार्चमध्ये आणखी आरोप आले, तेव्हा कोल्हापूरकरांनी खुर्ची पुढे ओढली. "काय काय सापडलं? जमीन किती? कारखाना कंचा?"

डॉक्टरांनी पेपर वाचून दाखवला. फॉर्म्युला वनची तिकिटं. फुटबॉलची तिकिटं. लंडनच्या नाटकांची तिकिटं. व्हिस्की. आणि घडीची सायकल.

"सायकल?"

"ब्रॉम्प्टन कंपनीची."

बराच वेळ कुणी बोललं नाही. सगळी मिळून किंमत चार लाख सिंगापूर डॉलरच्या घरात जात होती, म्हणजे अडीच कोटी रुपये, आणि ही काही लहान रक्कम नव्हे. पण मंत्र्याने सायकल घ्यावी? सायकलवर भागवावं? शिवाय अटक झाल्यापासून घेतलेला पगार मी परत करतो, असंही त्यांनी राजीनाम्यात लिहिलं होतं. "ह्ये काय खरं न्हाई," कोल्हापूरकर उठत म्हणाले. ऑक्टोबर २०२४ मध्ये ईश्वरन यांना बारा महिन्यांची शिक्षा झाली आणि ते वेळेवर तुरुंगात हजर झाले. छातीत कळ नाही, इस्पितळात भरती नाही. त्या दिवशी कट्टा लवकर उठला.

शेवटी मी आमच्या खासदाराकडे दाद मागायची ठरवली. इथे दर आठवड्याला एका संध्याकाळी खासदार मतदारसंघातल्या लोकांना भेटतो. इमारतीखालच्या मोकळ्या जागेत प्लास्टिकच्या खुर्च्या, टोकन घ्यायचं, नंबर आला की आधी स्वयंसेवकाशी बोलायचं, तो पत्र तयार करतो, मग खासदाराची भेट. माझा नंबर आला. समोर माझ्या मुलीच्या वयाची पोर लॅपटॉप उघडून बसलेली.

"येस अंकल, काय तक्रार आहे?"

"देशाच्या राजकारणाबद्दल नाराजी आहे."

तिने टाइप केलं. मग थांबली. "पत्र कुठल्या खात्याला पाठवायचं?"

"असं एक खातं नाही सांगता येणार. एकूणच."

"एकूणच असं खातं नाही, अंकल. घर, प्रॉव्हिडंट फंड, पार्किंगचा दंड, शाळाप्रवेश, इमिग्रेशन, कबुतरं. यातलं काय?"

"माझी भावना अशी आहे, की राजीनामा फार सरळ झाला."

तिने तेही टाइप केलं. ही मुलं फार गुणी असतात, ऑफिस सुटल्यावर फुकट येऊन बसतात. मग तिने मान वर केली आणि अत्यंत सहानुभूतीने विचारलं, "आणि तुम्हाला यावर काय तोडगा हवाय?"

सदाशिव पेठेच्या कट्ट्यापासून लिटल इंडियाच्या कॉफीशॉपपर्यंत मी अखंड तक्रार केली आहे. भुट्टोपासून बोफोर्सपर्यंत आणि रस्त्यातल्या खड्ड्यांपासून युनोपर्यंत काही सोडलेलं नाही. तोडगा मला कुणी कधी विचारला नव्हता. माझ्या मागे टोकन घेतलेले लोक होते, त्यांत एक आजी काठीवर हनुवटी टेकून माझ्याकडेच बघत होत्या. "कबुतरं," मी म्हणालो.

पंधरवड्यात माणसं आली. आमच्या खिडकीखालचा कठडा घासून धुतला, वर जाळी बसवली, काम समाधानकारक झालं का म्हणून सही घेतली. बायकोला इतका आनंद झाला की तिने शेजारच्या मलय बाईंना बोलावून जाळी दाखवली. माझी हक्काची, रोज सकाळी चहाबरोबर काढायची एकमेव तक्रार सरकारने जप्त करून नेली.

तरीही एक जागा उरली होती. हॉंग लिम पार्कमधला स्पीकर्स कॉर्नर. २००० सालापासून तिथे नागरिकाला उभं राहून भाषण करता येतं. मला हे ऐकूनच स्फुरण चढलं. पण तिथेही आधी ऑनलाइन नोंदणी करायची आणि विषय लिहायचा. धर्म आणि वंश वर्ज्य. भाषण इंग्रजी, मलय, चिनी किंवा तमिळ या चार राजभाषांत, अथवा त्यांच्याशी संबंधित बोलीत. मला इंग्रजीत काम करता येतं, कर्ज काढता येतं, डॉक्टरला दुखणं सांगता येतं. पण इंग्रजीत मला संताप येत नाही. संताप यायला मराठीच लागते.

"तंजावरी मराठी!" डॉक्टर अचानक म्हणाले. "व्यंकोजीराजांपासून साडेतीनशे वर्षं तमिळ देशात आहे. तमिळशी संबंधित बोली म्हणून खपेल."

आम्ही आठवडाभर त्यावर गंभीर विचार केला. आमच्यातल्या कुणालाही तंजावरी मराठी येत नाही, हे त्यानंतर लक्षात आलं. शिवाय बायकोने एक साधा प्रश्न विचारला. "तिथे दुपारी ऊन किती असतं माहितीय का? आणि ऐकणार कोण? पार्कातली कबुतरं?" आमच्या कठड्यावरची तिकडेच गेली असणार, हे म्हणणं मला पटलं.

राहता राहिलं मत. लोकशाहीत सामान्य माणसाच्या हाती एवढंच असतं म्हणतात, आणि इथे तर मतदान सक्तीचं. मत दिलं नाही तर यादीतून नाव कापतात. मी नागरिक झालो तेव्हा २०२०ची निवडणूक होऊन गेली होती. २०२३च्या राष्ट्राध्यक्षपदाच्या निवडणुकीत पहिल्यांदा मत दिलं. शाळेत गेलो, रांग नव्हतीच, आपोआप शाई लागणारा फुलीचा शिक्का उचलला, मारला, बाहेर आलो आणि सवयीने डावी तर्जनी वर करून बायकोला म्हटलं, "फोटो काढ." तर्जनी कोरी. इथे बोटाला शाई लावतच नाहीत! मी परत आत जाऊन त्या बाईंना विचारलं. त्या म्हणाल्या, "सर, तुम्ही मत दिलंय, आमच्याकडे नोंद आहे." मला नोंद नको होती, बोट हवं होतं. पुण्याच्या भावाला शेवटी कोऱ्या बोटाचा फोटो पाठवला. त्याने उत्तर पाठवलं, "लागलंय का काही? हळद लाव."

तेव्हा सगळी भिस्त सार्वत्रिक निवडणुकीवर होती. नव्या पंतप्रधानांनी ती ३ मे २०२५ला ठेवली. मी पक्षांचे जाहीरनामे वाचले. दिव्याच्या खांबांवर पोस्टर लागायची वाट बघत बसलो. मतदानाच्या आदल्या दिवशी इथे 'शांतता दिवस' असतो. प्रचार बंद, मतदाराने स्वस्थ बसून विचार करायचा. "आपल्याकडं त्याच रात्री खरं काम असतंय," कोल्हापूरकर म्हणाले. त्यांचे डोळे गावाकडच्या आठवणीने पाणावले होते.

इथल्या बऱ्याच जागा एकेकट्या उमेदवाराच्या नसतात. चार-पाच जणांची टोळी उभी राहते, सगळी जिंकते किंवा सगळी पडते. आमचा मरीन परेड–ब्रॅडेल हाइट्स हा असाच पाच जणांचा मतदारसंघ. मार्चमध्ये हद्दी नव्याने आखल्या, तेव्हा नावही नवं झालं. विरोधी वर्कर्स पार्टी इथे गेल्या दोन निवडणुकांत लढलेली, त्यामुळे चुरस नक्की. २३ एप्रिल, उमेदवारी अर्जांचा दिवस. अर्ज भरायची वेळ अकरा ते बारा. मी ऑफिसात मीटिंग सोडून फोन बघत होतो. सव्वाअकरा. साडेअकरा. बारा वाजले. विरोधी पक्षाचं कुणी आलंच नाही.

आमच्या मतदारसंघातले सव्वा लाखाहून जास्त मतदार त्या दुपारी एका झटक्यात मोकळे झाले. सत्ताधारी पक्षाचे पाचही उमेदवार बिनविरोध खासदार. २०१५ आणि २०२० मध्ये देशातली एकूण एक जागा लढवली गेली होती. २०११ नंतर पहिल्यांदाच एक मतदारसंघ बिनविरोध गेला, आणि तो आमचा. चिनी सहकाऱ्याने बातमी वाचली, माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाला, "लकी यू. नो नीड टू क्यू."

मतदानाच्या दिवशी सुटी होती. नागपूरकर पुंगोलला मत देऊन आले. डॉक्टर टॅम्पिनीसला राहतात, तिथे एकाच मतदारसंघासाठी चार पक्ष भांडत होते. ते येऊन चारही पक्षांवर इतके भरभरून बोलले, की त्यांच्या तोंडून एवढे शब्द मी त्याआधी ऐकले नव्हते. मी चहा ओतत होतो. रात्री निकाल लागला. सत्ताधारी पक्षाला ९७ पैकी ८७ जागा, मतं ६५ टक्क्यांहून जास्त. यात माझं एकही मत नव्हतं, ना बाजूने ना विरुद्ध.

आता पुढची निवडणूक २०३०च्या सुमारास. हद्दी पुन्हा बदलायच्या आत टॅम्पिनीसमध्ये कुणी तीन खोल्यांचा फ्लॅट विकणार असेल, तर कृपया कळवावं. मजला कुठलाही चालेल. खिडकीखाली कबुतरं असतील, तर चार पैसे जास्त देऊ.